निर्लेखनाआधी छपराचे पत्रे तपासा

संपादक महोदय,

जिल्हा परिषद शाळेच्या धोकादायक वर्गखोलीचा निर्लेखन प्रस्ताव, म्हणजे ती नोंदीतून कमी करून पाडण्याचा प्रस्ताव, करताना भिंती, तुळया, पाया पाहिला जातो. छपरावरचे सिमेंटचे पत्रे कशाचे आहेत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. अशा जुन्या पन्हळी पत्र्यांत साधारण ८ ते १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचे खनिज, असते. पत्रा अखंड असेल तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. तेव्हा घाबरून चांगले छप्पर उतरवू नये. धोका फोडण्यात, ग्राइंडरने कापण्यात आणि रंगाआधी तारेच्या ब्रशने घासण्यात आहे. श्वासावाटे आत गेलेल्या या तंतूंमुळे होणारा कर्करोग अनेकदा २० ते ४० वर्षांनी उघडकीस येतो, त्यामुळे त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही मिळतात आणि ते दिसायला तसेच असतात. त्यामुळे नमुना घ्यावाच लागतो. जाणकार निरीक्षक आधीच तडकलेली कड साबणाच्या पाण्याने भिजवतो, पक्कडीने ३ ते ५ चौरस सेंटीमीटरचा पूर्ण जाडीचा तुकडा काढतो, तो दोन पिशव्यांत बंद करून जागेची नोंद लिहितो आणि उघडी पडलेली कड रंगाने बुजवतो. सांडपाण्याचे जुने पाइप आणि टाक्याही त्याने पाहायला हव्यात. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने शाळांची अशी तपासणी सक्तीची केली. अ‍ॅस्बेस्टॉस आढळलेल्या इमारतीची दर तीन वर्षांनी फेरतपासणी होते.

पत्रे उतरवताना खरा घोळ जे-हुकांपाशी, म्हणजे पत्रा अँगलला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टांपाशी, होतो. नट गंजून बसलेले असतात, मग मजूर हातोड्याने पत्राच फोडतो. हुक बोल्टकटरने कापून पत्रा ओला ठेवावा आणि अखंड खाली घ्यावा. ६ मिलिमीटरच्या जुन्या पत्र्यावर पाय देणे म्हणजे थेट खाली कोसळणे. आधाराच्या अँगलवर फळ्या टाकूनच वर जावे. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही, अतिबारीक कण गाळणारा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो. खाली पडलेला चुरा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून तेही फडके पिशवीत बंद करावे.

आपल्याकडे ही कामे उन्हाळी सुट्टीत निघतात. गावात टँकर सुरू असताना पत्र्यांवर पाणी कोण मारणार? कोरडी तोडफोड होते आणि वाऱ्याबरोबर धूळ वस्तीत जाते. विहिरींना पाणी असते त्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम करणे शहाणपणाचे.

पुढे पाडलेल्या खोलीच्या सामानाच्या लिलावात हेच पत्रे कोणाच्या गोठ्यावर चढतात, तुकडे मुरमासोबत रस्त्याच्या खड्ड्यात जातात. म्हणून नमुना अहवाल आल्याशिवाय लिलाव काढू नये. अंदाजपत्रकात ‘जुने पत्रे काढणे’ ही एकच बाब न ठेवता तपासणी, पाणी, मास्क, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळणी आणि अधिकृत घातक कचरा केंद्रापर्यंतची वाहतूक यांचे दर वेगळे दाखवावेत. दर नसला की कंत्राटदार ते काम करत नाही, इतके साधे आहे.

— एक निवृत्त बांधकाम अभियंता, परभणी