आबांची फारगो भंगारात द्यायची नाही

तीर्थरूप आई आणि आप्पांना साष्टांग नमस्कार.

आप्पा, भंगारवाल्याचा इसार परत करून टाका. शेतातल्या लिंबाखालची फारगो ट्रक त्याला द्यायची नाही. येत्या रविवारी सकाळी हायड्रा क्रेन आणि ट्रेलर येईल आणि ती इकडे वाळूजला माझ्या शेडमध्ये येईल. सगळं ठरलं आहे. न विचारता ठरवलं म्हणून तुम्हाला लागेल, हे मला कळतं. म्हणूनच फोनवर तुटक सांगण्यापेक्षा नीट लिहितेय. आई, तू वाचून दाखव. डोळ्यांत थेंब चालू आहेत तोवर आप्पांनी कागद हातात घ्यायचा नाही.

गाडी होती तशी पुन्हा उभी राहणार नाही, आप्पा. चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, मधोमध कुजली आहे, पर्किन्सचं इंजिन पाणी शिरून जाम झालंय, आणि केबिन लाकडाची, ती वाळवीने कधीच खाल्ली. धड राहिलाय तो पुढचा पत्रा. बॉनेट, जाळी, दोन्ही मडगार्ड. दिवाळीला आले तेव्हा जागोजागी ठोकून पाहिलं. वरवर गंज आहे, पण आतलं लोखंड खणखणीत वाजतं. कुर्ल्याच्या प्रीमियरची गाडी, सोलापूरच्या वालचंदशेठची कंपनी, हे तुम्हीच किती अभिमानाने सांगायचात! तो पत्रा किलोवर विकायचा?

त्याची मी हॉट रॉड करणार आहे. 1932 साली अमेरिकेत फोर्डने परवडणाऱ्या किमतीत व्ही-8 इंजिन आणलं. तिथली पोरं जुन्या गाड्यांचा जादा पत्रा उतरवून त्यात दांडगं इंजिन बसवायची आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायची. ही रीत तिथली. एका गाडीचं तोंड, दुसरीचा सांगाडा, तिसरीची केबिन.

खाली स्कॉर्पिओची चेसी घेतली आहे, इंजिन-गिअरबॉक्ससकट. गाडी उलटलेली होती, म्हणून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका टेप लावला. दोन्ही तिरकी मापं सारखी भरली तेव्हाच पैसे मोजले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2,680 मिलिमीटर, आणि फारगोचं नाक लांब. तेव्हा इंजिन जागेवरून हलवायचं नाही, केबिनच मागे सरकवायची. ती मागे गेली की स्टीअरिंगचा रॉड लांबवावा लागतो, मध्ये जॉइंट घालावा लागतो, पेडलही मागे आणावे लागतात. केबिन जुन्या महिंद्रा पिकअपची घेणार, हौदा मात्र सागाच्या फळ्यांचा. आधी सगळं वेल्डिंगच्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर उभं करायचं. दार नीट लागतं का, चाक पूर्ण वळवलं तर मडगार्डला घासतं का, हे बघून पुन्हा सुटं करायचं, मगच पक्कं वेल्डिंग. ब्रेकच्या नळ्या नव्या कोऱ्या टाकणार. तिथे जुनं काही चालवणार नाही, आई, शपथ.

आणि रस्त्यावर काढणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यावर 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकालही आला. कंपनीच्या मूळ बनावटीत असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. ती आपल्या शेतात फिरेल आणि प्रदर्शनाला ट्रेलरवर बसून जाईल. पोलीस, अपघात, असलं काही मनात आणू नका.

पैशाचं म्हणाल तर एफडीला हात लावलेला नाही. बोनस आणि शनिवारच्या ओव्हरटाइमचे पैसे आहेत. तुमच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे वेगळे ठेवलेत, त्यातला रुपया हलणार नाही. मी जेवतेही वेळेवर. येसर संपत आलाय एवढंच.

कापूस घेऊन सेलूच्या जिनिंगला निघायचो तेव्हा आई माझे कान रुमालाने घट्ट बांधायची, आठवतं? मी तुमच्या मांडीवर, दोन्ही हात त्या मोठ्या स्टीअरिंगवर, आणि खरी गाडी मीच चालवतेय असं तुम्ही आबांना सांगायचात. मला खरंच तसं वाटायचं. आज दिवसभर लोखंडात काम करते, कधी कंटाळा येत नाही, ते तिथूनच आलंय, आप्पा. मला दुसरं काही नको होतं.

आता ऐका. कूलरची नवी मोटर रविवारी ट्रेलरवाल्याबरोबर पाठवतेय, ती लगेच बसवून घ्या. पारा 42 वर गेल्यावर धावाधाव नको. आई, गुडघ्याचा पट्टा पेटीत ठेवायला नाही घेतला. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी, आणि "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही.

गाडीचं आरसी बुक माळवदावरच्या खोलीत, लोखंडी पेटीत आहे. ते काढायला तुम्ही दोघांनीही जिना चढायचा नाही, दादाला सांगा. रविवारी हायड्रावाल्यांना चहा द्या, पण साखळी लावल्यावर आप्पांनी बांधाच्या अलीकडे यायचं नाही. तोंड उचलताना बॉनेटखाली जाड गोणपाट घालायला सांगा, आणि जाळीला साखळी लावू देऊ नका.

तुमची,
सोनी