ॲनिक किल्ल्याची मालकी ‘अखंड’ नव्हती

महोदय,

इंग्लंडमधील ॲनिक किल्ल्यावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख आवडला. पण ‘सातशे वर्षे पर्सी घराण्याच्या अखंड मालकीचा’ हे वाक्य दुरुस्त व्हायला हवे. हेन्री पर्सीने १३०९ मध्ये डरहॅमचे बिशप अँटनी बेक यांच्याकडून ॲनिकची जहागीर विकत घेतली, इथपर्यंत ठीक. पुढे मात्र ती निदान तीनदा हातून गेली. पर्सींपैकी नॉर्थंबरलंडचा पहिला अर्ल (उमराव) झालेल्याच्या राजाविरुद्धच्या बंडामुळे १४०५ मध्ये जप्त झाली, नातवाला १४१६ मध्ये परत मिळाली. तिसरा अर्ल १४६१ मध्ये टाउटनच्या लढाईत हरलेल्या बाजूने लढताना पडला. जमिनी गेल्या, अर्लचा किताबही जॉन नेव्हिल या दुसऱ्या घराण्यातल्या सरदाराला मिळाला आणि १४७० मध्ये किताब पुन्हा पर्सींकडे आला. १५३७ मध्ये निपुत्रिक सहाव्या अर्लने सारे राजाच्या हवाली केले. पुतण्या थॉमसला ते मिळायला १५५७ उजाडले.

खरी मेख या १५५७ च्या सनदेत आहे. थॉमसला पुरुष वारस नसल्यास किताब भाऊ हेन्रीकडे जावा, असे तिच्यात लिहिले होते. थॉमस राणी एलिझाबेथविरुद्धच्या १५६९ च्या बंडात सामील झाला, १५७२ मध्ये यॉर्कला त्याचा शिरच्छेद झाला. तरी त्याचा भाऊ हेन्री हा आठवा अर्ल झाला. इथे घराणे तगले ते तटबंदीमुळे नव्हे, तर सनदेतल्या एका कलमामुळे!

विवाहाचा वाटाही लेखात यायला हवा होता. पहिल्या अर्लला कॉकरमथची जहागीर मिळाली ती दुसरी पत्नी मॉड लूसी हिच्याकडून. अट होती लूसी घराण्याचे चिन्ह आपल्या कुलचिन्हाच्या ढालीवर घेण्याची. पर्सींच्या ढालीवरचे तीन पाइक मासे ते हेच. आणि १६७० मध्ये पुरुषवंश संपला. शेवटच्या अर्लच्या पणतीचा नवरा ह्यू स्मिथसन याने १७५० मध्ये पर्सी आडनाव घेतले. आजचे ड्यूक त्याचे वंशज.

अशा जमिनींचा माग काढणाऱ्यांनी मृत्यूनंतरच्या चौकशीचे कागद जरूर पाहावेत. राजाकडून थेट जमीन धारण करणारा वारला की स्थानिक पंच शपथेवर सांगत: कोणती जमीन, कोणाकडून, कोणत्या सेवेच्या बदल्यात, वार्षिक उत्पन्न किती, वारस कोण, वय काय. त्यातली उत्पन्नाची रक्कम बहुधा कमीच धरलेली असते आणि ‘तीस वर्षे व अधिक’ असे वय अंदाजाचे असते. त्यावरून जन्मसाल काढू नये. वारस सज्ञान होता, एवढेच त्यातून ठरते.

– मध्ययुगीन इतिहासाचा एक अभ्यासक