शून्य आकड्याची चौकशी करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एक्स-रे, सीटी आणि कॅथलॅबमध्ये (हृदयाची अँजिओग्राफी जिथे होते ती खोली) काम करणारा तंत्रज्ञ आहे. आमच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला हे मोजणाऱ्या टीएलडी बॅजचे रिपोर्ट ठरावीक काळाने येतात. बहुतेकांच्या नावापुढे शून्य किंवा त्याच्या आसपासचा आकडा असतो. तो फायलीला लागतो आणि विभाग सुरक्षित असल्याचे वर कळवले जाते. पण दिवसभर कॅथलॅबमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बॅजवर शून्य आले, तर बॅज होता कुठे, हे कुणीतरी विचारायला हवे.

तो बरेचदा ड्रॉवरमध्ये असतो. आळसापोटी नव्हे. आकडा वाढला की खुलासा मागतात, ड्यूटी बदलतात, कंत्राटी माणसाचे तर कंत्राटच धोक्यात येते. लांबणारी केस असली की बॅज काढून ठेवायचा, हे नव्या माणसाच्या कानावर लवकरच घातले जाते. नियम मोडणाऱ्याला पकडायला दिलेली वस्तू, अशीच त्या बॅजची आमच्यात ख्याती आहे.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाचा डोस मोजायचे एकक) आहे. डोळ्याच्या भिंगाला पूर्वी 150 चालत. 2011 मध्ये आयोगाने तीही 20 वर आणली, कारण समजत होते त्यापेक्षा कमी डोसनेही मोतीबिंदू होऊ शकतो, हे दिसून आले. किरण अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावलेल्या बॅजला डोळ्यांचे काय कळणार? त्यासाठी गळ्याशी, एप्रनच्या बाहेर दुसरा बॅज लागतो. तो किती जणांना मिळतो, याची माहिती एकदा मागवून बघा.

आमच्यावर पडणारे किरण मुख्यतः रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले असतात. म्हणून सी-आर्मची, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राची, किरण सोडणारी ट्यूब टेबलाखाली ठेवायची, किरण टिपणारा डिटेक्टर रुग्णाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, पाहून झाले की किरण चालू ठेवणाऱ्या पेडलवरचा पाय काढायचा. रुग्णापासूनचे अंतर दुप्पट केले तर मारा साधारण चौथाईवर येतो. याला एक पैसा लागत नाही, फक्त शिकवणारा लागतो, आणि सी-आर्म वापरणाऱ्या सगळ्याच सर्जनना हे कुणी शिकवलेले नसते. (सीनियर सर्जनना तंत्रज्ञाने सांगायचे, हे बोलायला सोपे आहे.) एप्रनची तऱ्हा वेगळी. तो हँगरला लावायचा असतो. आम्ही पाहतो तो खुर्चीच्या पाठीवर घडी करून टाकलेला. घडीवर आतला शिशाचा थर चिरतो आणि बाहेरचे कापड धडधाकट दिसत राहते. फ्लुरोस्कोपीखाली (पडद्यावर सलग दिसणाऱ्या एक्स-रेखाली) धरला की तडे स्पष्ट दिसतात, पण धरतो कोण?

रुग्णांसाठी मात्र डोसची अशी मर्यादा नाही, आणि ते बरोबरच आहे. गरजेची तपासणी भीतीपोटी टाळू नये. पण छातीच्या एका एक्स-रेचा डोस 0.1 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असतो, तर पोटाच्या एका सीटीचा साधारण 10 च्या घरात जातो. असे असताना दुसरीकडची सीडी उघडत नाही म्हणून तीच तपासणी पुन्हा करणे माफ करण्यासारखे नाही. स्कॅन संपल्यावर डोसचा आकडा सीटीच्या पडद्यावर येतो. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या रिपोर्टवर तो सहसा नसतो. 2009 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात उघड झाले, की मेंदूच्या सीटीत दोनशेहून अधिक रुग्णांना ठरलेल्या डोसच्या सुमारे आठपट डोस दीड वर्ष मिळत होता. ते लक्षात आले एका रुग्णाचे केस गळल्यावर.

तेव्हा माझी मागणी यंत्रांची नाही. प्रत्येक सीटी आणि कॅथलॅबच्या रिपोर्टवर डोस छापणे सक्तीचे करा. बॅजचा आकडा वाढला म्हणून कुणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक काढा; चौकशी कामाच्या पद्धतीची करा, माणसाची नको. आणि तपासणी पथकाला सांगा, की प्रत्येक विभागातल्या केसेसची नोंदवही आणि बॅजचे आकडे शेजारी ठेवून वाचा. जिथे केसेस भरपूर आणि आकडे शून्य, तिथे पहिली भेट न कळवता द्या.

आपला,
एक रेडिओग्राफर