बोल्ट जाम आहे की उलटा फिरवताय?

संपादक महोदय,

पाऊस सरला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रविवार पाहून घरच्या घरी ब्रेक पॅड बदलणे सुरू होते. हौस चांगली आहे. पण चार महिने चिखलपाणी खाल्लेला कॅलिपरचा (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) बोल्ट हलेनासा झाला की माणूस पान्यावर चक्क उभा राहतो. बोल्ट मोडतो तो तिथेच.

आधी दिशा पाहा. हे बोल्ट चाकाच्या आतल्या अंगाने असतात. डोक्याकडून बघत घड्याळाच्या उलट फिरवले तरच सुटतात. आपण बाहेर बसून वरून डोकावतो, त्यामुळे दिशा उलटी भासते आणि ‘जाम’ बोल्ट प्रत्यक्षात आणखी आवळला जात असतो.

दुसरी गोष्ट गोटीची, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटची. स्वस्त सेटमधल्या गोट्या बहुधा बारा कोनी असतात. त्या बोल्टचे कोपरेच धरतात आणि ते गोल करून टाकतात. फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना तर याहून वाईट. बोहरी आळीत सहा कोनी सुटी गोटी मागून घ्यावी. १२, १४ आणि १७ मिमी या तीन मापांत बऱ्याच गाड्यांचे काम भागते. सोबत दीड-दोन फुटी दांडा हवा. गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकवर गाडी ठेवून हा दांडा ओढू नये. गाडी घोड्यावर (जॅक स्टँडवर) टेकवा आणि मागच्या चाकांना उटी (अडसर) लावा.

आता मुख्य काम. आट्यांची उघडी टोके तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि वीस मिनिटे थांबा. रात्रभर मुरू दिला तर उत्तमच. स्प्रे डिस्कवर, पॅडवर किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या गाइड पिनच्या रबरी बुटावर (आवरणावर) जाऊ देऊ नका. खनिज तेलाने ते रबर फुगते. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे आठ-दहा सरळ ठोके द्या, म्हणजे गंजाची पकड तडकते. सोडवण्याआधी कणभर आवळा आणि मग झटका न देता सलग ओढा. ‘टक्क’ असा कोरडा आवाज आला तर बोल्ट सुटला. दांडा स्प्रिंगसारखा लवून परत जागेवर येत असेल तर बोल्टला पीळ बसतो आहे. थांबा आणि पुन्हा स्प्रे मारा. सुटलेला बोल्ट चार वेढ्यांनंतर परत घट्ट लागला तर जोर न करता एक वेढा आत घाला, तेल द्या, मग बाहेर काढा. गंजाची भुकटी आट्यांत दाटलेली असते.

बोल्ट नुसताच गरगर फिरतो आणि बाहेर येत नाही, तेव्हा त्याच्यासोबत गाइड पिन फिरत असते. पिनच्या चपट्या बाजूवर पातळ फिक्स पाना धरला की झाले. (या पान्याचे एवढेच काय ते काम.) गंज नसूनही बोल्ट शेवटपर्यंत जड चालला आणि आट्यांत निळा किंवा लाल चिकट थर दिसला, तर ते थ्रेड लॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेला गोंद) आहे. त्यातल्या लाल प्रकाराला बहुधा उष्णता लागते. शेजारी ब्रेकची रबरी नळी असल्याने गॅसची ज्योत घरी लावू नये.

ब्लीडिंग निपलला (ब्रेकच्या तेलातली हवा काढायच्या तोटीला) नुसते पॅड बदलताना हातच लावू नका. ते आतून पोकळ असते, चटकन मोडते. मागचा ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सोडला आहे ना, ते आधी बघा. बऱ्याच ड्रमला ८ मिमीच्या आट्यांची दोन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा आवळला की ड्रम आपसूक पुढे सरकतो.

जोडताना डोके झिजलेला बोल्ट परत घालू नये. नाना पेठेत पॅड घेतानाच पिन, बोल्ट आणि बुटांचे किट मागून ठेवा. बोल्ट आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा. आणि गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दोन-तीन वेळा ते थेट तळाला जाते.

– एक मोटार मेकॅनिक, धनकवडी, पुणे