धडधाकट दिसणाऱ्या ताईबद्दल

धंतोली, नागपूर

प्रिय सुध्या,

फोनवर "बरा आहे आता" एवढंच बोललो, कारण ताई बाजूलाच बसली होती. आता सगळं सांगतो.

भाच्याचं हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं. आपल्या विदर्भात पोरगं पांढरंफटक पडलं की आधी सिकलसेल तपासतात. ते निघालं नाही. ताईच्या सासरी निदान तयारच, सावजी खाऊन मूळव्याध! तोंडातून दुर्बीण झाली, खालून झाली, दोन्हीकडे काही नाही. संडास काळी व्हायची, पण ती लोहाच्या गोळ्यांनीही होते. पोरगं मात्र सुकून राहिलं होतं.

या दोन दुर्बिणींच्या मधे काही मीटर लांबीचं लहान आतडं उरतं ना बे, तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. पोटातल्या रक्तस्रावाचे शंभरातले पाचेक पेशंटच तिथले, म्हणून तिकडे उशिरा लक्ष जातं. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देतील असं मला वाटलेलं. पण त्याला मधूनमधून मुरडा यायचा. वाट अरुंद असली तर कॅप्सूल अडकते, म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आधी सीटी केला. पॉलिप निघाले, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठी. मोठा पॉलिप आतड्याला आपल्यासोबत पुढे ओढतो आणि शर्टाची बाही उलटी आत जावी तसं आतड्यात आतडं शिरतं, मुरडा त्याचाच. वरचं अस्तर सोलवटतं आणि रक्त थोडं थोडं झिरपत राहतं.

मग डॉक्टरांनी त्याचा गाल आतून पाहिला. काळे ठिपके. प्यूट्झ-जेघर्स म्हणाले, म्हणजे आतड्यात पॉलिप आणि ओठांवर, गालात असे ठिपके येणारा आजार. १९२१ साली प्यूट्झ नावाच्या डच डॉक्टरने एका कुटुंबात हे नोंदवलं होतं. दोन फुग्यांच्या दुर्बिणीने आतडं गोळा करत आत गेले, तारेच्या फासाने मोठे पॉलिप कापले. तपासणीत कॅन्सर नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी पाहावं लागणार, जन्मभर.

आता खरं काम. हे बहुतेक वेळा आईबापाकडून येतं. ताईच्या ओठांवरचे ठिपके आठवतात? आपण तिला 'तीळगूळ' चिडवायचो. वयाबरोबर ओठांवरचे पुसट होतात, गालाच्या आतले राहतात. यात आतड्याचा, स्वादुपिंडाचा, स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, म्हणून तिची तपासणी हवीच. ती म्हणते, "मले काय झालं? दिवाळी होऊ दे." माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. भाऊबीजेची वाट पाहू नको, याच आठवड्यात तिला फोन कर.

तुझा,
नंदू