तुझ्या पगारातले ते 200 रुपये

चि. भूषण, अनेक आशीर्वाद.

दिवाळी करून तू गेला तेव्हापासून काकू आपल्या ओट्यावर बसायला आलेली नाही. "तुमचे 1500 आमच्या टॅक्समधून जातात" हे तू बोलला ते तिला लागलं. मी तेव्हाच टोकायला पाहिजे होतं, पण तुझी गाडीची वेळ झालेली, आणि खरं सांगू का, तुझं तोंड उतरलेलं दिसत होतं. पिंट्या म्हणे तुमच्या कंपनीत माणसं कमी करताय. खरं आहे का? असो, नाही विचारत, तुझं तू बघशील.

लाडकी बहीण निवडणुकीच्या तोंडावर आली, मलाही ती सगळी पटत नाही. पण पगाराची स्लिप दाखवून दाखवून तू ज्यावर चिडत होता ना, प्रोफेशनल टॅक्स 200, तो आला कुठून माहिती का? बहात्तरचा दुष्काळ. मी आठ वर्षांचा, माय खडी फोडायला जायची आणि मी मागे मागे. सुकडी मिळायची, तिचा वास अजून नाकात आहे, मिलोची लाल भाकरी तर घशाखाली उतरायची नाही. पुढे रोजगार हमी आली, तिला पैसा पाहिजे म्हणून 1975 ला पगारदारांवर हा टॅक्स बसवला, जेवढा जमेल तेवढेच सरकारने आपले घालायचे. 1977 ला कायदाच झाला, मागेल त्याला काम. म्हणजे मुंबईच्या कुण्या कारकुनाने पैसे भरले आणि पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहून मायने मला अमळनेरला शिकवलं. "काम शे ना, मंग पोट भरी जाई," म्हणायची. तो कारकून काही आमच्या दारात येऊन ऐकवून गेला नाही.

चिडायचंच तर यावर चिड, तुमच्या गेटवरचा वॉचमन पंधरा हजारात 200 भरतो, तू लाखात 200, आणि तुमचा सगळ्यात मोठा साहेब पण 200. वर्षाला 2500 च्या वर घेताच येत नाही, घटनेतच तशी मर्यादा आहे. ज्याला जास्त त्याने जास्त भरावं, एवढं साधं आहे. आणि काकू साबण घेते, चप्पल घेते, त्यावरचा जीएसटी कोण भरतं रे?

जाऊ दे. मास्तरकी सुरू झाली माझी, राग मानू नको. तू कमवतो त्याचं मी गावभर सांगत फिरतो, पारावरचे लोक कंटाळले. फक्त ते माणसं कमी करायचं... फ्लॅटचे हप्ते वीस वर्षांचे आहेत. उद्या तुझी नोकरी गेली तर तुझ्यासाठी कोणता पाझर तलाव आहे, रात्री जाग आली की हेच डोक्यात येतं.

काकूला फोन कर. बिबड्यांचा डबा बॅगेत खाली आहे, सापडला का? आणि कंपनीचं खरं काय ते मला सांग, तुझ्या आईला नाही कळू देणार.

तुझे नाना