रोहिणी गोडबोले यांची विद्यापीठातली तेरा वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञानदिनाच्या पुरवण्यांमध्ये डॉ. रोहिणी गोडबोले यांचं नाव आता आवर्जून येतं, याचा आनंद आहे. पण मजकूर ठरलेला असतो. पुण्याची मुलगी, २०१९ ची पद्मश्री, २०२१ चा फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान, मुलींनी विज्ञानात यावं म्हणून केलेली धडपड. त्यांच्या प्रत्यक्ष कामाची बोळवण मात्र ‘कणभौतिकीतलं मोलाचं संशोधन’ या तीन शब्दांत होते. २५ ऑक्टोबर २०२४ ला त्या गेल्या, तेव्हाच्या मृत्युलेखांतही मी हेच वाचलं. १९८२ ते १९९५ या काळात त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या, ही गोष्ट तर एका ओळीत उरकली जाते. माझं आयुष्य पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलं. मला त्यांच्या कारकिर्दीतली हीच तेरा वर्षं सर्वांत महत्त्वाची वाटतात, म्हणून हे पत्र.

आधीचा प्रवास वाचकांना ठाऊक असेल. १९५२ चा जन्म, शाळा हुजूरपागा. तिथे त्या काळी सातवीपर्यंत मुलींना गृहविज्ञान असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र वेगळं शिकावं लागलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. पुढे स. प. महाविद्यालयातून बी.एस्सी., १९७४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम.एस्सी. आणि १९७९ मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रूकहून पीएच.डी. तिथेच राहता आलं असतं, पण त्या परतल्या. तीनेक वर्षं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढली आणि मग कालिन्याला, विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आधी लेक्चरर आणि पुढे रीडर म्हणून काम केलं. तास घ्यायचे, प्रश्नपत्रिका काढायच्या, पेपर तपासायचे, आणि हे सगळं सांभाळून संशोधन करायचं.

त्या विभागात बसून त्यांनी काय केलं, ते नीट सांगायला हवं. प्रकाशाच्या कणाला, म्हणजे फोटॉनला, विद्युतभार नाही, वस्तुमान नाही आणि आत घटक नाहीत, असं आम्ही वर्गात शिकवतो. पण क्वांटम सिद्धांतानुसार हाच फोटॉन अत्यल्प क्षणासाठी क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते मूलकण) आणि त्याचा प्रतिकण प्रतिक्वार्क यांच्या जोडीचं रूप घेऊ शकतो. नेमक्या त्या क्षणी तो दुसऱ्या कणावर आदळला, तर प्रोटॉनसारखा वागतो. गोडबोले आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांनी या गोष्टीचा पाठपुरावा केला आणि तो थेट भविष्यातल्या महाकाय यंत्रांच्या आराखड्यापर्यंत नेला.

इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन सरळ रेषेत समोरासमोर आदळवणारी यंत्रं तेव्हा कागदावर आकार घेत होती. प्रोटॉन म्हणजे अनेक कणांचं गाठोडं, त्यामुळे प्रोटॉनांच्या टकरीत पसारा फार होतो. इलेक्ट्रॉनच्या आत काही नाही, म्हणून टक्कर स्वच्छ, हा या यंत्रांचा मोठा गुण मानला जात होता. पण पुरेशा टकरी व्हायच्या तर कणांचे पुंजके नॅनोमीटरच्या मापात दाबावे लागतात. इतके दाट पुंजके एकमेकांतून जाताना समोरच्याच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे कण वळतात आणि वळताना फोटॉन बाहेर टाकतात. मग फोटॉनवर फोटॉन आदळतात. १९९१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये ड्रीस आणि गोडबोले यांनी गणित मांडून दाखवलं, की काही आराखड्यांमध्ये या टकरींतून हेड्रॉन, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या, कणांचा एवढा फवारा उडेल, की ज्या स्वच्छतेसाठी यंत्र बांधायचं तीच हातची जाईल. तेव्हापासून अशा यंत्राची आखणी करताना हा हिशेब करावाच लागतो. पुढे अशाच एका नियोजित यंत्राच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेषीय आघातक प्रकल्पाच्या, टकरींतले कण टिपणाऱ्या शोधयंत्रांविषयी सल्ला देणाऱ्या गटात त्यांना स्थान मिळालं. ते कुणी कौतुकापोटी दिलं नव्हतं.

१९९५ नंतर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी केलेलं कामही मोठं आहे. टॉप क्वार्क हा सर्वांत जड क्वार्क इतका अल्पजीवी, की दुसऱ्या क्वार्कशी जोडला जाण्याआधीच मोडतो. त्यामुळे तो कसा फिरत होता याची माहिती त्याच्यापासून निघालेल्या कणांच्या दिशांमध्ये शाबूत राहते. त्यातल्या लेप्टॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जातीच्या कणाची, दिशा सर्वांत भरवशाची आहे, कारण टॉपच्या मोडण्यात थोडं काही अनपेक्षित घडलं तरी तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. हे त्यांनी सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंह यांच्याबरोबर २००६ मध्ये दाखवलं. मला हे काम अतिशय देखणं वाटतं.

आता मुद्द्याचं. १९९१ चा तो निबंध एका राज्य विद्यापीठातल्या शिक्षिकेचा होता. तिला कायमची नोकरी होती, दर महिन्याला पगार होता, ग्रंथालय होतं, परदेशातल्या सहकाऱ्याबरोबर वर्षानुवर्षं एका प्रश्नावर काम करण्याइतकं स्थैर्य होतं. आज आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हे कुणाला मिळतं? मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचं काम तासिका तत्त्वावर उरकलं जातं.

माझी एक विद्यार्थिनी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाली आहे. सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी एसटीने तीस किलोमीटरवर दुसऱ्या महाविद्यालयात ती तास घेते. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की नाही. मानधन महिनोन्महिने थकतं. संशोधन प्रकल्पाच्या अनुदानाची चौकशी केली, तर कायम नेमणुकीची अट पुढे आली. गेल्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा पर्समधून एक जुना शोधनिबंध काढून त्यातल्या एका समीकरणाबद्दल विचारत होती. आम्ही दोघींनी संध्याकाळभर ते सोडवलं. बुद्धीत ती कुठेही कमी नाही. तिच्या घरचेही तिच्या पाठीशी उभे आहेत, हे मुद्दाम लिहिते. कारण मुली विज्ञान सोडतात म्हटलं, की आपण लगेच लग्न, मूल आणि सासर यांकडे बोट दाखवतो.

खुद्द गोडबोले यांनीच हा समज तपासून पाहिला होता. भारतीय विज्ञान अकादमी आणि बेंगळुरूची ‘निआस’ ही प्रगत अध्ययन संस्था यांच्यासाठी अनिता कुरूप आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला २०१० चा अहवाल विज्ञानात पीएच.डी. झालेल्या शेकडो स्त्रियांशी बोलून तयार झाला. संशोधन सुटलेल्या स्त्रियांनी घरच्या जबाबदारीपेक्षा ठळकपणे सांगितलेलं कारण होतं, हवी तशी नोकरी मिळाली नाही. पंधरा वर्षं होऊन गेली, तरी आपण मुलींना ‘प्रेरणा’ देण्याचेच कार्यक्रम करतो आहोत. ‘लीलावतीज डॉटर्स’मध्ये गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी २००८ मध्ये शंभरेक भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या कहाण्या एकत्र आणल्या. ते पुस्तक मी वर्गात वाचून दाखवत असे. मुली भारावून ऐकायच्या आणि मग विचारायच्या, “मॅडम, पण जागा कुठे निघतात?”

म्हणून आपल्याला विनंती. पुढच्या विज्ञानदिनी गोडबोले यांचं छायाचित्र जरूर छापा. शेजारी राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचा तक्ता द्या: मंजूर पदं किती, कायमस्वरूपी भरलेली किती, त्यांत स्त्रिया किती आणि शेवटची जाहिरात कोणत्या वर्षी निघाली. ही माहिती माहिती अधिकारात मिळते. सातारा, सांगली आणि कोल्हापूरकडचे अर्ज करायला मी तयार आहे. आपल्या वाचकांत निवृत्त प्राध्यापक पुष्कळ आहेत, बाकीच्या जिल्ह्यांचं काम ते नक्की अंगावर घेतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा